कुत्र्याचं पीठ कोण खातं?

मागच्या अंकात घरपट्टीवर लिहिताना मी ओघात म्हटलं होतं, की न्यूझीलंडमध्ये कुत्र्याच्या नोंदणीच्या पैशाला सरकारी कुलूप असतं. त्या एका वाक्यावर घरपट्टीपेक्षा जास्त पत्रं आली. नवीन वाचकांसाठी सांगते: साताऱ्यात सरकारी लेखा विभागात सहा वर्षं आणि नंतर इकडे उत्तर बेटावरच्या एका छोट्या ग्रामीण कौन्सिलच्या (आपल्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) हिशेबखात्यात एकोणीस वर्षं, एवढीच माझी पुंजी. वकील नाही, प्राण्यांची डॉक्टर तर नाहीच नाही.

काकू, दर जूनला कौन्सिलचं पत्र येतं आणि आमच्या लॅब्राडोरसाठी मी मुकाट पैसे भरतो. शेजारी दोन कुत्री आहेत, एकाच्याही गळ्यात नोंदणीचा टॅग नाही. आमच्या भागात कुत्र्यांसाठी साधं कुंपण घातलेलं मैदान नाही. हे पैसे रस्त्यावरचे खड्डे बुजवायला जातात असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. खरं काय? (हॅमिल्टन)

आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. तुमचा संशय नेमका उलटा आहे. कुत्र्याचं पीठ कौन्सिल खातंय, असं तुम्हाला म्हणायचंय.

खड्ड्यांचं आधी निकालात काढते. 1996 च्या डॉग कंट्रोल अॅक्टचं कलम 9 दोन ओळींचं आहे. या कायद्याखाली आलेला पैसा याच कायद्याच्या कामांसाठी खर्च करायचा, दुसऱ्या कशासाठी नाही. त्यात नोंदणीची फी आली, दंड आले, कोंडवाड्याचं शुल्क आलं. वर्षाअखेर काही उरलं तर ते कुत्र्यांच्याच खात्यात पुढच्या वर्षी ओढायचं. खड्डे, वाचनालय, महापौरांचं चहापाणी, यातलं काही त्या पैशातून होत नाही. ऑफिसातल्या मित्रांना एवढं सांगा.

आता ते जातात कुठे? मोठा घास पगारांचा. कुत्र्यांवर लक्ष ठेवणारे अधिकारी चोवीस तास पाळीवर लागतात, कारण हायवेवर सुटलेलं कुत्रं रात्री दोन वाजता सुटतं, ऑफिसच्या वेळेत नाही. मग पिंजरा बसवलेल्या गाड्या आणि कोंडवाडा. इकडे त्याला पाउंड म्हणतात. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आमच्या गावचा गुरांचा कोंडवाडाच आठवला, फक्त काँक्रीट धुतलेलं आणि भिंतीवर साफसफाईचा तक्ता. पकडलेलं कुत्रं लगेच निकाली काढता येत नाही. मालकाला नोटीस देऊन सात दिवस थांबावं लागतं. सात दिवसांचं खाणं, साफसफाई, गरज पडली तर डॉक्टर. मालक आलाच तर शुल्क भरतो. बरेचदा येतच नाही. जो येत नाही, त्याचं कुत्रं बहुधा नोंदलेलंही नसतं.

म्हणजे तुमच्या लॅब्राडोरचे पैसे तुमच्या लॅब्राडोरवर खर्चच होत नाहीत. ते त्या सुटलेल्या, टॅग नसलेल्या, चावलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या कुत्र्यावर खर्च होतात. भरणारा एक, खर्च करायला लावणारा दुसरा. या कायद्याची सगळी अर्थव्यवस्था एवढीच आहे, आणि यात अन्याय आहे हे मी नोकरीत असतानाही म्हणत होते. पण दुसरा उपाय काय? ज्यानं नोंदणीच केली नाही त्याच्याकडून फी कशी घेणार? सापडला तर 300 डॉलर दंड लागतो. सापडला तर.

मैदानाचं म्हणाल, तर कायदा आड येत नाही. कौन्सिलनं कुत्र्यांविषयीचं धोरण ठरवताना लोकांची सुरक्षितता तर बघायचीच, पण कुत्र्यांच्या आणि मालकांच्या व्यायामाची, मोकळं हिंडण्याची गरजही लक्षात घ्यायची, असं कलम 10 सांगतं. तेव्हा कुंपण, पिशव्यांचे खांब हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. प्रत्यक्षात ते बागखात्याच्या अंदाजपत्रकात ढकलतात आणि बागखातं पुढच्या वर्षावर ढकलतं.

माझ्या मते पाणी मुरतं ते वेगळ्याच जागी, आणि त्याबद्दल ऑफिसात कुणी बोलत नाही. त्या जागेचं नाव ओव्हरहेड. कुत्र्यांचा अधिकारी ज्या इमारतीत बसतो तिचं भाडं, फोन घेणाऱ्या मुलींचा पगार, कॉम्प्युटर, वकील, आणि आम्ही हिशेबनीस मंडळी. या सगळ्याचा एक वाटा प्रत्येक खात्यावर टाकतात. टाकायलाही हवा. फुकटात कुणाचंच चालत नाही. पण वाटा किती, हे कोण ठरवतं? कुठे माणसांच्या डोक्यांवर वाटतात, कुठे कॉम्प्युटरच्या संख्येवर, कुठे एकूण खर्चाच्या टक्क्यांवर. माप बदललं की कुत्र्यांच्या खात्यावरचा बोजा बदलतो, आणि कलम 9 ला धक्काही लागत नाही, कारण कागदावर सगळा खर्च 'कुत्र्यांसाठी'च असतो.

सोयीचे आकडे घेऊन सांगते. समजा एका कौन्सिलकडे 10,000 कुत्री नोंदलेली आहेत आणि फी 100 डॉलर. दहा लाख डॉलर आले. अधिकारी, गाड्या, कोंडवाडा मिळून साडेसहा लाख गेले. उरलेल्या साडेतीन लाखांसमोर एकच ओळ असते, 'अंतर्गत आकार', म्हणजे हाच ओव्हरहेडचा वाटा. माणूस गाड्यांचा खर्च तासभर वाचतो आणि ही ओळ डोळ्यांखालून घालतो.

एकदा आमच्याकडे नवीन टेलिफोन यंत्रणा आली. तिच्या खर्चाचा वाटा कुत्र्यांच्या खात्यावर जरा सढळ हातानं पडलेला मला दिसला. मी विचारलं. साहेब म्हणाले, लोक कुत्र्यांच्या तक्रारींसाठीच जास्त फोन करतात. मी तीन महिन्यांच्या फोनची नोंद काढली. पहिला नंबर कचऱ्याच्या डब्यांचा आला, कुत्री त्याच्या खाली. वाटा कमी झाला, मी म्हटलं होतं तेवढा नाही, पण झाला. दिवाळीत मी ऑफिसात चकल्या नेल्या, साहेबांनी दोन जास्त घेतल्या.

एक गंमत अजून. ग्रामीण भागात कुत्र्यांचा अधिकारी रस्त्यावर आलेली गाईगुरं, घोडे, मेंढ्याही हाकतो. पण गुरांचा कायदा वेगळा, 1955 चा इम्पाउंडिंग अॅक्ट. तेव्हा तो बैलामागे धावतो ते तास कुत्र्यांच्या पैशातून देता येत नाहीत. आमचा एक अधिकारी, फार सज्जन माणूस, दिवसाचा तक्ता भरताना सगळे आठ तास 'कुत्री' लिहायचा, कारण तो रकाना पहिला होता. ही चोरी म्हणता येणार नाही. पण अशा शंभर तक्त्यांमधून बैलाचा चारा कुत्र्याच्या खात्यावर पडतो.

आता काय करायचं? कलम 10ए प्रमाणे दरवर्षी कौन्सिलला कुत्र्यांवर अहवाल काढावा लागतो. तो वाचा, पण आशा ठेवू नका. नोंदलेली कुत्री किती, धोकादायक ठरवलेली किती, तक्रारी किती, खटले किती, ही मोजदाद त्यात सापडेल. पैशाचा हिशेब द्यायलाच हवा असं ते कलम म्हणत नाही. पैशासाठी 1987 चा माहितीचा कायदा वापरा, इकडे त्याला लगोइमा म्हणतात. साधा ईमेल पुरतो, कारण सांगावं लागत नाही, वीस कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर ओम्बड्समनकडे, म्हणजे आपल्या लोकपालासारख्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. 'माझे पैसे कुठे जातात' असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर एक गुळगुळीत परिच्छेद येतो. गेल्या तीन वर्षांची कुत्रा खात्याची आरंभीची आणि अखेरची शिल्लक मागा. अंतर्गत आकाराची रक्कम मागा, आणि तो कुठल्या मापानं वाटला ते विचारा. शेजाऱ्याच्या कुत्र्यांचं त्या ईमेलात काढू नका. ती तक्रार वेगळी करा, आणि आधी एकदा कुंपणावरून बोलून बघा.

आमच्याकडे कुत्रा नाही, मांजरही नाही. तरी कौन्सिल म्हणतं, कुत्र्यांच्या कामाचा काही खर्च सगळ्यांच्या रेट्समधून होतो. हौस त्यांची आणि पैसे आमचे? (टौरांगा)

रेट्स म्हणजे आपली घरपट्टी. खर्चाचा किती भाग फीमधून आणि किती रेट्समधून घ्यायचा, हे प्रत्येक कौन्सिल आपापलं ठरवतं. ठरवताना फायदा कुणाला होतो, खर्च कुणामुळे होतो, हे तोलायला 2002 चा लोकल गव्हर्नमेंट अॅक्ट लावतो. तुमची नात शाळेतून चालत घरी येते ना? रस्त्यावर मोकाट कुत्रं नाही, हा फायदा तिचा आहे. तिच्याकडे कुत्रा नसला तरी. मला तरी थोडा वाटा रेट्समधून जाणं योग्यच वाटतं. किती, यावर भांडा. वार्षिक आराखड्याचा मसुदा लोकांपुढे येतो तेव्हा लेखी म्हणणं द्या. कुत्रेवाले दरवर्षी देतात. कुत्रा नसलेले घरी बसून चिडतात.

शेजारच्या शेतकऱ्याच्या कुत्र्यांना माझ्या एका पूडलपेक्षा कितीतरी कमी दर. हा भेदभाव नाही का? (क्राइस्टचर्चजवळून)

त्याची कुत्री नोकरीला आहेत हो. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याला कायद्यात कामाचं कुत्रं म्हणतात, आणि त्याला कमी फी ठेवायची मुभा कलम 37 देतं. नसबंदी केलेल्या कुत्र्यालाही देतं, बघा तुमच्या पूडलला लागू होतं का. आणि वेळेत भरा. उशीर केला तर फीच्या निम्म्यापर्यंत जादा आकारता येतो.

पण शेतावरच्या कुत्र्यांनी या देशात आपलं देणं पूर्वीच चुकवलंय. इथे मेंढीच्या कच्च्या आतड्या-काळजातून कुत्र्यांना आणि कुत्र्यांपासून माणसांना हायडॅटिडचा आजार व्हायचा, यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी. त्याविरुद्ध 1959 साली कायदा झाला. गावोगाव कुत्री ठरल्या दिवशी एका पट्टीवर रांगेत बांधायची, औषध पाजायचं, आणि जे पडेल ते तपासायचं. ते औषध होतं अॅरेकोलिन, म्हणजे सुपारीतला अर्क. आमच्या कौन्सिलात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी तरुणपणी हे काम केलं होतं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे हीच सुपारी लग्नात पाहुण्यांना देतात, तर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. 1982 च्या कायद्याच्या नावातच कुत्री आणि हायडॅटिड जोडीनं होते. 2002 मध्ये देश या रोगातून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. कुत्र्यांच्या नावानं गोळा केलेला पैसा चांगल्या कामी लागल्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

मुलगी वेलिंग्टनला असते. ती तिच्या कुत्र्यासाठी जेवढे भरते त्याचे रुपये केले तर मला घेरी आली. मी पुण्यात पन्नास रुपयांचा परवाना काढला, वर किरकोळ काहीतरी. आपले पन्नास रुपये कुठे जातात? (पुणे)

काढलात याबद्दलच आधी तुमचं अभिनंदन. तुमच्या सोसायटीत कुत्री किती आणि परवाने किती, मोजून बघा एकदा.

इथे शब्दातच फरक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये महापालिका जे कर लावू शकते त्यांत 'कुत्र्यांवरील कर' आहे. कर म्हटला की तो महापालिकेच्या एकाच मोठ्या निधीत जातो आणि तिथे सगळ्या पाण्यात मिसळतो. न्यूझीलंडच्या कलम 9 सारखं कुलूप त्याला नाही. जर्मनीतही तसंच आहे, तिथला कुत्राकर गावाच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि त्यातून दिवे लावले तरी कुणी जाब विचारू शकत नाही. फी म्हटली की मात्र तिच्या बदल्यात काहीतरी देणं लागतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि फी यांतला हा फरक उलगडून सांगितला होता. मठ कर्नाटकातला बरं का, आपल्या शिरूरचा नाही. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

पण पन्नास रुपयांना कुलूप घालूनही काय होणार? हजार परवान्यांचे 50,000 रुपये. कुत्री पकडणाऱ्या गाडीच्या एका ड्रायव्हरचा वर्षाचा पगारही त्यात निघायचा नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेच्या गळ्यात आहे, आधीही 2001 च्या नियमांनी होतंच. तो खर्च पाळीव कुत्र्यांच्या परवान्यांतून कधीच निघणारा नाही. तो सगळ्यांच्या करांतून होतो. शिवाय तुलना सरळ नाही. न्यूझीलंडमध्ये रेबीज नाही आणि रस्त्यावर राहणारी कुत्रीही जवळपास नाहीत. तुमच्या मुलीला नोंदणीसाठी रेबीजच्या लसीचा दाखला कुणी मागत नाही. तुम्हाला मागतात, आणि माझ्या मते तुमच्या परवान्याची खरी किंमत त्या दाखल्यातच आहे. पन्नास रुपये निमित्त.

तरी विचारायचंच असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज करा. वर्षभरात किती परवाने दिले, किती रक्कम जमा झाली, ती कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवली, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की मला पाठवा, मला लेखाशीर्ष बघायला अजून आवडतात.

सिडनीत मी कुत्र्याची नोंदणी एकदाच केली, परत कुणी काही मागितलं नाही. माझी चूक तर होत नाहीये ना?

नाही. न्यू साउथ वेल्समध्ये नोंदणी जन्मभराची आहे, आणि पैसा राज्याच्या कम्पॅनियन अॅनिमल्स फंडात जातो, तिथून कौन्सिलांना मिळतो. मेलबर्नला राहायला गेलात तर मात्र दरवर्षी 10 एप्रिल लक्षात ठेवावी लागेल. पत्ता बदलला की कळवा, नाहीतर हरवलेल्या कुत्र्यासाठी फोन तुमच्या जुन्या घरमालकाला जाईल.

काकू, कुत्र्यावरच्या कराविरुद्ध न्यूझीलंडमध्ये लढाई झाली होती असं मुलाच्या पुस्तकात आहे. खरंच? (ऑकलंड)

झाली, म्हणजे होता होता राहिली. 1898, उत्तरेकडे होकियांगात. काउंटी कौन्सिलनं दर कुत्र्यामागे अडीच शिलिंग लावले. तिथल्या माओरी घरांमध्ये शिकारीची कुत्री भरपूर आणि रोख पैसा नाही. होने टोइया नावाच्या नेत्यानं सांगितलं की आज कुत्र्यावर कर लावताहेत, उद्या माणसावर लावतील. लोक बंदुका घेऊन निघाले, सरकारनं सैनिक आणि तोफा पाठवल्या. होने हेके नगापुआ या माओरी खासदारानं मध्ये पडून शस्त्रं खाली ठेवायला लावली, म्हणून रक्त सांडलं नाही. टोइया आणि त्याचे साथीदार तुरुंगात गेले. त्या भागात मी दोनदा गेले आहे. खाडी इतकी शांत, की तिथे अडीच शिलिंगांसाठी तोफा आल्या यावर विश्वास बसत नाही. पण ज्या कौन्सिलकडून आपल्या वाट्याला काही येत नाही तिला पैसे का द्यायचे, हा हॅमिल्टनच्या वाचकांचा प्रश्न तेव्हाही होता, आणि त्या लोकांच्या बाबतीत तो जास्त खरा होता. कलम 9 यायला पुढे अठ्ठ्याण्णव वर्षं लागली.

तुमचा भोंगा कसा आहे? मागे त्याच्या भुंकण्याची तक्रार झाली होती, त्याचं काय झालं? (नेपियर)

विचारल्याबद्दल आभार. इतरांसाठी सांगते, भोंगा हा निवृत्त हंटअवे आहे. ही जात मेंढ्यांना भुंकून हाकते, म्हणजे भुंकणं हा त्याचा स्वभाव नाही, पेशा आहे. शेतावरून आणला तेव्हा मला वाटलं होतं निवृत्तीनंतर गप्प बसेल. माझ्या घरच्यांना माझ्याबद्दलही तसंच वाटलं होतं. तक्रार आली, माझ्याच जुन्या ऑफिसातला मुलगा नोटीस घेऊन आला, बिचारा दारात उभा राहून माझ्यापेक्षा जास्त लाजला. मग आम्ही भोंग्याची झोपायची जागा रस्त्याकडून मागच्या बाजूला हलवली, आणि पोस्टमन येतो त्या वेळेला त्याला घरात घ्यायला लागलो. तक्रार मिटली. आता तो तेरा वर्षांचा आहे, ऐकू जवळजवळ येत नाही, त्यामुळे पोस्टमन आलेला त्याला कळतही नाही.

एक जुलैपासूनचा टॅग आलाय, दरवर्षीसारखा वेगळ्या रंगाचा. पण गळपट्ट्याची कडी गंजून बसलीये, जुना टॅग निघत नाही. म्हणून नवा अजून पाकिटातच आहे, फ्रिजवर चुंबकाखाली. शनिवारी पक्कड आणणार आहे.